सुटून आलेल्या माणसाचे काय करावयाचे?

बलात्काराच्या खटल्याचा निकाल लागला, आरोपीला शिक्षा झाली, म्हणजे प्रकरण संपले असे गाव मानते. वृत्तपत्रे त्या दिवशी निकाल छापतात आणि पुढे त्या विषयाकडे पाहत नाहीत. परंतु कायदा काय सांगतो ते पाहा. २०१८ च्या दुरुस्तीने बलात्काराची किमान शिक्षा सात वर्षांवरून दहा वर्षांवर नेण्यात आली. मुलगी सोळा वर्षांखालील असेल तर किमान शिक्षा वीस वर्षांची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हेच मान कायम राहिले. २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याखाली साध्या लैंगिक हल्ल्याला तीन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. यांतून एकच अर्थ निघतो. या गुन्ह्यांसाठी तुरुंगात गेलेली बहुसंख्य माणसे केव्हा तरी बाहेर येणार आहेत. पंचविसाव्या वर्षी आत गेलेला इसम पस्तिसाव्या वर्षी बाहेर येईल. त्याच्या अंगात बळ असेल, खिशात तुरुंगातील मजुरीचे थोडे पैसे असतील, आणि जाण्यासाठी त्याला बहुधा एकच जागा ठाऊक असेल. ती म्हणजे त्याचे गाव.

वाचकहो, आपल्या यावल तालुक्यातील कोणतेही गाव डोळ्यांपुढे आणा. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातून सकाळी सुटलेला माणूस रेल्वेने भुसावळला उतरतो, एस.टी.ने तापी ओलांडतो आणि दिवस मावळण्यापूर्वी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या घरी पोहोचतो. गावात पाण्याची टाकी एक, शाळा एक, एस.टी.चा थांबा एक, आणि मजुरीला जावयाचे तर सर्वांना त्याच केळीच्या बागा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे बलात्काराच्या शंभरांतील शहाण्णवांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचाच होता. तो नातेवाईक असतो, शेजारी असतो, मालक असतो. म्हणजे जी मुलगी या माणसाच्या हातून नागवली गेली, ती किंवा तिचे आईबाप हाकेच्या अंतरावर राहत असणार. तो आला हे तिला कोणी आगाऊ सांगितलेले नाही. तो कोठे जातो, काय करतो, हे विचारण्याची जबाबदारी गावात कोणावर सोपविलेली नाही. अशा स्थितीत दुसरा गुन्हा घडला तर तो केवळ त्या एकट्याचा म्हणावयाचा काय?

या प्रश्नाला समाजाने आजवर दिलेली उत्तरे तपासून पाहिली पाहिजेत.

पहिले उत्तर हाराचे. २००२ च्या गुजरातमधील दंगलीत बिल्किस बानो यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला व त्यांच्या आप्तांची हत्या झाली. सर्वोच्च न्यायालयाने तो खटला महाराष्ट्रात आणला आणि २००८ साली मुंबईच्या विशेष न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने हे अकराही जण मुदतीपूर्वी सोडले. तुरुंगाबाहेर त्यांना मिठाई भरविण्यात आली, त्यांच्या गळ्यांत हार घालण्यात आले. आपल्या सुरक्षिततेची चौकशी कोणीच केली नाही, अशी तक्रार त्या भगिनीने जाहीरपणे केली. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द ठरविली व सर्वांना पुन्हा तुरुंगात पाठविले. ज्याच्या गळ्यात हार पडतो त्याला आपण काही वाईट केले असे वाटण्याचे कारणच उरत नाही. ही समाजात परत घेण्याची रीत नसून गुन्ह्यात सामील होण्याची रीत आहे.

दुसरे उत्तर दगडाचे. नागपूरच्या कस्तुरबानगरात अक्कू यादव नावाच्या गुंडाने दहा वर्षांहून अधिक काळ दलित वस्तीतील स्त्रियांवर अत्याचार केले. त्याला अनेकदा अटक झाली आणि तो अनेकदा सुटून त्याच वस्तीत परत आला. पोलिसांकडे केलेल्या तक्रारी वाया गेल्या. शेवटी १३ ऑगस्ट २००४ रोजी, तो पुन्हा जामिनावर सुटणार या भीतीने, वस्तीतील स्त्रियांच्या जमावाने न्यायालयाच्या इमारतीतच त्याला ठार केले. पुढे या खटल्यातील आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्या भगिनींना दोष देण्यास आमची लेखणी धजत नाही. ज्या दिवशी राज्याने त्यांचे रक्षण करण्याचे नाकारले, त्या दिवशीच त्यांच्या हाती हत्यार आले. परंतु बाबासाहेबांची राज्यघटना मानणाऱ्या समाजाला जमावाचा न्याय हा न्याय म्हणून स्वीकारता येणार नाही. आज तो अत्याचाऱ्यावर चालतो; उद्या तोच, केवळ संशयावरून, भटक्या-विमुक्तांच्या पालावर चालून जातो. कस्तुरबानगरचा खरा धडा निराळा आहे. धोकादायक माणूस वस्तीत परत येत होता आणि त्याच्यावर वस्तीची वा राज्याची कोणतीही नजर नव्हती.

तिसरे उत्तर हद्दपारीचे. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने अशा गुन्हेगारांची नावे जनतेपुढे जाहीर करण्याची पद्धत देशभर सुरू झाली. अनेक ठिकाणी त्यांना शाळेपासून, उद्यानापासून अमुक अंतराच्या आत राहण्यास बंदी झाली. मायामी शहरात ती बंदी इतकी कडक झाली की, घर मिळेना म्हणून सुटलेली माणसे समुद्रावरील एका पुलाखाली वस्ती करून राहू लागली. २०१० च्या सुमारास ती वस्ती उठविण्यात आली. घर नाही, काम नाही, गमावण्यासारखे काही नाही, अशा माणसावर पोलिसांनाही लक्ष ठेवणे कठीण जाते. अशा जाहीर याद्यांमुळे गुन्हे घटले, असे तेथील बहुतेक अभ्यासांत आढळून आले नाही.

भारतानेही २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. आरंभीच तीत सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. ती केवळ तपास यंत्रणेसाठी आहे, जनतेला खुली नाही, हे योग्यच झाले. पण नोंदवही गुन्हा घडल्यावर माणूस शोधण्यास उपयोगी पडते. गुन्हा घडण्यापूर्वी त्याच्या दारात जाऊन, आज दारू प्यालास काय, असे विचारण्याचे काम नोंदवही करीत नाही. ते काम माणसांनाच करावे लागते.

येथे आमचे काही वाचक विचारतील, की पाळत ठेवण्याची भाषा आपण करावी काय? हा प्रश्न रास्त आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले, त्यांना हजेरीला उभे केले, कुंपणात कोंडले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी शिक्का गेला नाही. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत कैद्यांची कामे जातीवरून वाटली जात होती. ती घटनाबाह्य ठरविण्यासाठी ३ ऑक्टोबर २०२४ हा दिवस उजाडावा लागला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय दिला. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो. नजर ठेवावयाची ती न्यायालयात सिद्ध झालेल्या एका कृत्यासाठी, एका माणसावर, ठरावीक मुदतीपर्यंत. त्याची जात, त्याचा पाडा, त्याची बायकामुले यांच्यावर नव्हे. कोणी माणूस जन्माने गुन्हेगार नसतो हे आम्ही मानतो. त्याच कारणाने, केलेल्या कृत्याची जबाबदारी मात्र त्याचीच आहे, असेही मानतो.

बौद्धांना हा विचार परका वाटू नये. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पतित व गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र जागा दिली, आणि तेथे अंगुलिमालाची कथा सांगितली. ही कथा आपण बहुधा अर्धीच सांगतो. खुनी माणूस भिक्षू झाला एवढ्यावर आपले प्रवचन संपते. उरलेली अर्धी कथा अशी आहे. राजा प्रसेनजित त्याला पकडण्यासाठी निघाला असता, भगवंतांनी अंगुलिमालाला लपविले नाही; हाच तो, असे राजाला दाखविले. पुढे श्रावस्तीत भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालाला लोकांनी दगड मारले, तेव्हा हे तुझ्याच कर्माचे फळ आहे, ते सहन कर, असे भगवंतांनी त्याला सांगितले. आणि लोकांनी तक्रार केली तेव्हा कुख्यात चोराला प्रव्रज्या देऊ नये असा नियम विनयात घालण्यात आला. म्हणजे माणूस बदलू शकतो यावर विश्वास होता, त्याची ओळख उघड होती, तो संघाच्या शिस्तीत होता, आणि लोकांच्या भीतीची किंमतही ठेवलेली होती. या चारही गोष्टी एकत्र होत्या. त्यांतील पहिली तेवढी घेऊन बाकीच्या टाकणे ही करुणा नव्हे, तो निष्काळजीपणा होय.

विनयात दुसरीही एक कथा आहे, आणि तिचा आपल्याला अधिक विसर पडला आहे. उत्पलवर्णा थेरी वनात एकटी राहत असता तिच्यावर बलात्कार झाला. लोक कुजबुजू लागले. भगवंतांनी निर्णय दिला की, जिची संमती नव्हती तिचा काहीही दोष नाही. भिक्षुणीला दूषित करणाऱ्या पुरुषाला संघात प्रवेश नाही, असेही विनय सांगतो. अडीच हजार वर्षांपूर्वी जे स्पष्टपणे सांगितले गेले, ते आमच्या कित्येक गावांत आजही मान्य नाही. आजही मुलीचीच शाळा सुटते, मुलीलाच मामाच्या गावी पाठविले जाते. त्या घटनेनंतर भिक्षुणींचा वनातील निवास बंद झाला, म्हणजे जागा स्त्रियांनाच बदलावी लागली. आज मात्र जागा बदलण्याची पाळी आलीच, तर ती त्या पुरुषावर यावी.

आता ज्या मार्गाचा अनुभव जगाजवळ आहे तो सांगतो. १९९४ साली कॅनडातील हॅमिल्टन शहरी लहान मुलांवर वारंवार अत्याचार करणारा एक माणूस पूर्ण शिक्षा भोगून सुटला. पूर्ण शिक्षा झाल्यामुळे त्याच्यावर कोणाचीही देखरेख नव्हती आणि शहरात घबराट पसरली. तेव्हा तेथील एका धर्मोपदेशकाने आपल्या मंडळींतील काही माणसे जमविली व त्या माणसाभोवती एक मंडळ उभे केले. ही माणसे रोज त्याची खबर घेत. त्याला घर शोधून देत, बाजाराला बरोबर जात, आणि तो खोटे बोलला तर तोंडावर तसे सांगत. पोलिसांशी त्यांचा संबंध उघड होता. त्या माणसाच्या हातून पुन्हा तसा गुन्हा घडला नाही. त्यातून पुढे जी पद्धत आली, तिला आपण आधार व जबाबदारीचे मंडळ म्हणू. चार ते सहा स्वयंसेवक आत, आणि त्यांना सल्ला देणारे पोलिस, मानसतज्ज्ञ, परिवीक्षा अधिकारी बाहेर, अशी तिची रचना असते. यापुढे एकही नवा बळी पडू द्यावयाचा नाही, हे तिचे पहिले सूत्र आहे.

ही पद्धत इंग्लंडात व अमेरिकेतही गेली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सुटलेल्या माणसांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून करण्यात आले. एका गटाला मंडळ मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, मंडळ मिळालेल्या गटात लैंगिक गुन्ह्यासाठी पुन्हा अटक होण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी आढळला. तपासलेल्या माणसांची संख्या लहान होती, म्हणून आकड्याला कोणी मंत्र मानू नये. पण दिशा स्पष्ट आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. असा गुन्हेगार पुन्हा तेच करणारच, अशी आपली समजूत असते. १९९८ साली अनेक देशांतील वीस हजारांहून अधिक गुन्हेगारांच्या नोंदी एकत्र तपासण्यात आल्या, तेव्हा चार-पाच वर्षांत नव्या लैंगिक गुन्ह्यात सापडलेल्यांचे प्रमाण शंभरांत तेरा-चौदा निघाले. न उघडकीस आलेले गुन्हे यात नाहीत. तरीही सर्वच माणसे सारखी धोकादायक नसतात, एवढे यावरून सिद्ध होते.

महाराष्ट्राला हे वळण अगदीच नवे आहे असे नाही. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे, कैद्यांना भिंतीविना, शेतीवर, कुटुंबासह ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे तोच प्रयोग होता. तेथील माणसे मुख्यतः खुनाच्या गुन्ह्यातील असत, म्हणून तो अनुभव जसाच्या तसा येथे लावता येणार नाही. परंतु काम, घर आणि रोजची जबाबदारी माणसाला जागेवर ठेवते, हे महाराष्ट्राने स्वतः पाहिले आहे.

आता यावल तालुक्याने काय करावे, ते सांगतो.

पहिला विचार त्या मुलीचा. सुटकेपूर्वी तिला कळले पाहिजे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५-अ प्रमाणे, जामीन, पॅरोल व सुटका यांच्या कार्यवाहीत अनुसूचित जाती-जमातींच्या पीडितेला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. तो वापरा, वापरावयास शिकवा. शिक्षा पुरी होऊन माणूस सुटतो तेव्हा मात्र अशी कार्यवाहीच होत नाही. तेथे पोलिस पाटलाने व विधी सेवा समितीने तिच्या घरी आधी जाऊन सांगावे, अशी मागणी आपण केली पाहिजे. २०१३ पासून चालू असलेल्या मनोधैर्य योजनेची मदत तिला मिळाली की नाही, हे विहारातील कार्यकर्त्यांनी विचारावे. त्या माणसाने कोणत्या रस्त्याने जाऊ नये, हे ती सांगेल.

दुसरे, मंडळ. पाच माणसे पुरेत. त्यांत निदान दोन स्त्रिया असाव्यात, आणि एकही त्याचा नातेवाईक नसावा. अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक, बचत गटातील भगिनी असे लोक गावोगाव आहेत. शर्ती लेखी असाव्यात. दारू नाही, शाळा, अंगणवाडी व पाणवठा यांच्याजवळ रेंगाळणे नाही, त्या कुटुंबाशी बोलणे नाही, आठवड्यातून एकदा मंडळापुढे बसणे. बागेत काम द्यावे, पण मुकादमाला सर्व ठाऊक असावे आणि मुली-स्त्रियांच्या टोळीत त्याला पाठवू नये. जो माणूस आपला गुन्हाच नाकारतो, त्याला मंडळात जागा नाही. त्याच्याबाबत केवळ पोलिसांनी लक्ष ठेवावे. शर्त मोडली तर त्याच दिवशी पोलिस ठाणे गाठावे. जातपंचायतीत दंड भरून मिटविण्याचा विचारही मनात येऊ नये.

तिसरे, त्याच्या घरच्यांचे पाणी तोडू नये. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने केलेला २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला शाळेत एकटे बसविणारे गाव पुढचा गुन्हेगारच घडवीत असते.

हे सर्व सरकारने करावे, आपण का, असे कोणी म्हणेल. सरकारने केलेच पाहिजे. २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्याच्या मसुद्यात सुटकेनंतरच्या सांभाळाची तरतूद आहे; ती प्रत्यक्षात आणावी, परिवीक्षा अधिकारी पुरेसे नेमावेत, यासाठी अर्ज-विनंत्या व प्रसंगी मोर्चे काढावेत. पण रात्री नऊ वाजता त्याच्या घराचा दिवा लागला की नाही, हे मुंबईचे मंत्रालय पाहणार नाही. दुसरे कोणी म्हणेल, की पीडितेला काही मिळत नाही आणि तुम्ही गुन्हेगाराचे लाड करता. त्यांना आमचे उत्तर असे की, हे मंडळ त्याच्या सुखासाठी नाही. ज्या मुलीचे नाव अद्याप कोणत्याही फिर्यादीत आलेले नाही, तिच्यासाठी ते आहे. क्षमा करावी की नाही हा अधिकार फक्त पीडितेचा. तो गावाने, विहाराने किंवा भिक्षूने तिच्या हातून काढून घेऊ नये, आणि क्षमा कर म्हणून तिच्यावर दडपणही आणू नये.

शेवटी, आपल्याच समाजाला एक कडू गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. अत्याचारी सवर्ण असला की आपण जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेतो. तेथे गाव त्याला हार घालते याची आपल्याला चीड येते, आणि ती रास्त आहे. पण अत्याचारी आपल्या वस्तीतला असला तर आपण काय करतो? समाजाची बदनामी नको, म्हणून मुलीला गप्प बसवितो, साक्षीदार फिरवितो, आणि तो सुटून आला की वंदनेला पुढच्या रांगेत बसवितो. हाही हारच आहे; फक्त फुले वेगळी. पंचशीलातील तिसरे शील आपण दर पौर्णिमेला मोठ्याने म्हणतो. ते मोडणाऱ्याला लपवून ठेवणारी वस्ती ते शील पाळते असे कोणी म्हणू शकेल काय?

यावल तालुक्यातील विहारांच्या कार्यकारिणींनी व महिला मंडळांनी येत्या पौर्णिमेस हा विषय सभेपुढे ठेवावा. आपल्या गावातला कोण तुरुंगात आहे आणि त्याची मुदत केव्हा संपते, हे आज विचारले तर तयारीला वेळ मिळेल. तो एस.टी.तून उतरल्यावर विचारले तर उशीर झालेला असेल.